राहीची पत्रिका

“पत्रिकेत शिक्षन हाय का न्हाई, येवढंच बघा, शास्त्रीबुवा. नसंल तर शेवगावचं स्थळ आलंय. ह्याच म्हैन्यात उरकून टाकतो,” आप्पासाहेब म्हणाले आणि पोरीची पत्रिका त्यांनी नृसिंहशास्त्र्यांच्या हाती दिली.

पोर म्हणजे राही. एक्काहत्तर साली मॅट्रिकला इंग्रजीत तिच्याएवढे मार्क अख्ख्या सोनईत कुणाला नव्हते! बिचारी ओसरीच्या कडेला मान खाली घालून बसली होती. शेजारी शास्त्रीबुवांची सून प्रेमला. राहीला इंग्रजी शिकवलं तिनंच, आणि आता नगरच्या कॉलेजात घालायचा ध्यासही तिचाच.

आप्पासाहेब आले तेव्हासुद्धा शिकवणीच चालली होती. सासऱ्यांच्या चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधता बांधता प्रेमला सांगत होती, “इंग्रजीत उद्याचं बोलायच्या तऱ्हा फार, बाई! नुसता अंदाज असला, की ‘शी विल स्टडी’. मनाशी पक्कं ठरवलं, की ‘शी इज गोइंग टु स्टडी’. आणि बांधाबांध करून उद्याची गाडीच गाठायची असली, की ‘शी इज लीव्हिंग टुमारो’.”

शास्त्रीबुवा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. सकाळपासून वर्तमानपत्र वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून आधीच वैतागलेले. “एवढी उठाठेव कशाला? आमच्याकडे एकच. योग असेल तर होईल!”

आता सगळं त्या योगावरच येऊन अडलं होतं. शास्त्रीबुवा म्हणजे सरळ माणूस, कुणाचं मन राखायला भविष्य सांगणारे नव्हेत. पत्रिका जुळेना म्हणून पोटच्या मुलीला आलेलं सोन्यासारखं स्थळ त्यांनी परत पाठवलं होतं. म्हणून तर पंचक्रोशी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. प्रेमलाला सासऱ्यांचा केवढा अभिमान! पण आज त्याच खरेपणाची तिला धास्ती वाटत होती. पत्रिकेत नसलं तर ते नाही म्हणणार, आणि राहीचं शिक्षण संपणार.

शास्त्रीबुवांनी पत्रिकेवरून सावकाश बोट फिरवलं. ओठ हलले. प्रेमलाच्या मुठी आवळल्या गेल्या.

“विद्येचा मोठा योग आहे, आप्पासाहेब. पोरीला नगरला धाडा. उद्याच.”

“उद्याच?”

“पहिल्या गाडीनं.”

आप्पासाहेबांनी हात जोडले. “तुमी म्हनताय म्हंजी झालंच की! चल गं राहे, आईला सांग बांधाबांध करायला.”

राही शास्त्रीबुवांच्या पाया पडली आणि डोळे पुसत बापामागं पळाली. घाईत पत्रिका तिथंच राहिली.

प्रेमलाला हसू आवरेना. “मामंजी, खरंच एवढा मोठा योग आहे?”

शास्त्रीबुवांनी तिच्या मुठीकडे हात पुढे केला.

“आण तो चष्मा इकडे. बघू तरी पत्रिकेत काय आहे ते.”