जळबाची राखण

"बाजूला हो, जनका. न्हाई तर बोरीसंगं तुलाबी कुऱ्हाड बसंल," नरसिंग म्हणाला.

जनकाबाई हलली नाही. परसातल्या बोरीला पाठ लावून ती उभी राहिली. काटे पाठीत रुतत होते, पण नवऱ्यापुढे तेवढं कबूल करायची तिची तयारी नव्हती.

बोर चांगली दीड पुरुष वाढली होती. शेजारी हिवर होता, तरवड होती, कुडाजवळच्या निंबावर गुळवेल चढली होती. सगळी बांधावरची, माळावरची, कोणी फुकट दिली तरी न घेण्यासारखी झाडं. हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या बायका परसात शेवगा लावतात, अळू लावतात, फार तर गुलाबाची एखादी फांदी. जनकाबाईनं काटे लावले. तेही बहात्तरच्या दुष्काळात, हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावं लागत होतं तेव्हा. भांडी विसळलेलं पाणी ती हिवराच्या बुडाशी ओतायची. हिचं डोकं फिरलंय, असं तेव्हा शेजारणी म्हणायच्या.

आता त्या त्याहून वाईट बोलत होत्या. कारण झाडं वाढली आणि त्यांच्यावर पाखरं आली. सकाळी सातभाईंचा कलकलाट, दुपारी होल्यांचं घुमणं, बोरं पिकली की राघू. आणि जनकाबाईचा सासरा होता जळबा.

जळबानं तीस वर्षं ज्वारीची राखण केली होती. पिकातल्या उंच माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवायचा आणि दोन शेतांपलीकडच्या कणसावरचा राघू नेमका टिपायचा, असं लोक सांगतात. एक शेत कमी करून ऐकलं तरी नेम मोठाच म्हणायचा. हंगामाला त्याला लांबलांबची माणसं बोलावून न्यायची. पाखरांशी त्याचं उभं वैर होतं. पाच वर्षांपूर्वी, त्या दुष्काळाच्याच साली, त्याचे डोळे गेले. आता काही होणार नाही, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळे गेले, वैर मात्र राहिलं. परसातल्या बाजेवर बसून तो दिवसभर पाखरांना शिव्या घालायचा आणि आवाजाच्या रोखानं गोफण फिरवायचा. गोफण सटकन वाजली की शेजारची द्वारकाबाई डोक्यावर सूप धरून घरात पळायची. आंधळ्याच्या हातातली गोफण! अजून कोणाचं डोकं फुटलं नव्हतं, हे गल्लीचं नशीब. सुनेनं सासऱ्यावर चांगला सूड उगवला, असं बायका आपसात बोलायच्या.

तातेराव या द्वारकाबाईचे नवरे. काल चावडीवर त्यांनी सगळ्यांदेखत नरसिंगला सुनावलं होतं, म्हातारा आवर, नाही तर झाडं तोड. नरसिंगनं घरी येऊन बापाकडे गोफण मागून पाहिली. म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग उरली झाडं.

"काहून लावलीस ही?" नरसिंगनं विचारलं. "बाला पाखरं खपत न्हाईत, ठावं नव्हतं तुला?"

"ठावं होतं. म्हनूनच लावली."

नरसिंगनं उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली.

"डोळे गेल्यावर मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले होते," जनकाबाई म्हणाली. "म्होरची भाकर वाळून जायची. तुमी दिवसभर शेतात, तुमाला काय दिसनार? एक दिवस कुडावर सातभाई आले. कलकल ऐकली अन् मामा उठून बसले. चांगल्या पाच-सात शिव्या दिल्या. मंग पानी मागितलं, अन् भाकर खाल्ली. हाकायला कायतरी पायजे ना मान्साला."

नरसिंगला लाज वाटली. ते दिवस त्यालाही आठवत होते. महिनाभरात बाप अर्धा झाला होता आणि त्याला स्वतःला काही सुचलं नव्हतं. पण तातेरावांना काय सांगायचं? शेवटी त्यानं मधला मार्ग काढला.

"बरं, झाडं राहू दे. पन आजपासून बाला गोटे आनून देऊ नको."

"मी कशाला देऊ? तुमीच आनता ना वढ्यावरून?"

"मी? मी एकबी गोटा आनला न्हाई."

घरात चौथं माणूस नव्हतं. आता जनकाबाईला आठवलं, रोज परसात झाडू मारताना तिला एकही गोटा कधी सापडला नव्हता.

तेवढ्यात बोरीवर राघूंचा थवा उतरला. जळबा बाजेवरून ताडकन उठला.

"आले का चोट्टे! थांबा, एकेकाची मान मोडतो!"

गोफण डोक्यावर गरगर फिरली आणि सटकन वाजली. दोघांनी सवयीनं माना खाली घातल्या. कुठे काही पडलं नाही. राघू उडाले, निंबावर जाऊन बसले आणि म्हातारा बाजेवर टेकतो न टेकतो तोच बोरीवर परत आले.

नरसिंगनं कुऱ्हाड तिथंच टाकली. बापाजवळ जाऊन त्यानं बाजेखाली पाहिलं, वाकळ उचलून पाहिली. गोटा कुठंच नव्हता.

"बा, इतके दिवस गोटा न घालताच गोफण मारून राहिला व्हय तू?"

जळबानं बोरीकडे कान लावला. राघू निवांत बोरं फोडत होते.

"हळू बोल," तो म्हणाला. "गोटा लागला तर उद्या कोन येईल?"