होळीच्या ढिगात

देवाशप्पथ सांगते, अक्षर न् अक्षर खरं आहे हो!

दोन हजार चौदाची होळी. जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या खेड्यात सुलेखाताईंनी लेकाच्या परसात पहिल्यांदाच होळी रचली होती. सिद्धेशनं गेमाइंडेची, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीची, परवानगी काढली, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. वाळक्या फांद्यांचा पुरुषभर ढीग झाला होता. नैवेद्य दाखवून सुलेखाताई काडी ओढणार, एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी फ्राऊ क्र्यूगर ओरडली, "नाईन! नाईन!" म्हणजे नको, नको!

"आता हिला काय झालं?" सुलेखाताई तडकल्या.

"आई, पेटवायच्या आधी सगळा ढीग उपसून परत रचायचा, असा नियम आहे इथे. आत इगेल झोपलेले असतात. ते काटेरी पाठीचे, घुशीएवढे."

"पूजा झालेली होळी मोडू? अरे, अपशकुन आहे तो! एका घुशीपायी?"

म्हातारी हटेना, सिद्धेशही तिच्याच बाजूनं. शेवटी डोळे पुसत सुलेखाताईंनीच फांद्या उपसायला घेतल्या. तळाशी हात गेला नि त्यांनी हातातली फांदी दूर फेकली. आत खरंच एक इगेल गाढ झोपलेला.

त्या वर्षी होळी पेटली नाही. देवापुढच्या निरांजनाची काडीसुद्धा त्या अजून सिद्धेशलाच ओढायला लावतात.

 

बरं बाई, एवढं एक मी रचलंय. आत इगेल नव्हता. लपाछपी खेळता खेळता झोपी गेलेली त्यांची चार वर्षांची नात होती.