लाल छपराचं घर

एदगार्दोने नंबराची पाटी वर केली, तेव्हा यारेलिस खाली वाकून छोट्या अद्रिएलची दुधाची बाटली शोधत होती. ती सरळ होईपर्यंत हातोडा आपटला होता.

"तीन हजार आठशे डॉलर! हे सुंदर घर चाललं पोर्तो रिकोच्या एका देखण्या कुटुंबाकडे!" लिलाववाला माईकमध्ये ओरडला. टाळ्या पडल्या. फुकटची शॅम्पेन वाटत फिरणाऱ्या पोरीने एदगार्दोचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

"काय केलंस तू?" यारेलिसने दबक्या आवाजात विचारलं.

"घर घेतलं," तो हसला. "चित्रातलं."

"कुठल्या पैशांनी?"

त्याने ग्लास तोंडाला लावला, तेव्हाच तिला कळलं. वादळात उडालेल्या छपराची भरपाई म्हणून आलेले पैसे, तेवढेच तर होते त्यांच्याकडे.

"तुझ्या बहिणीने बोटीची सहल भेट दिली ती हवा खायला, एदगार्दो. लिलावात बसायला नाही."

"ऐकून तर घे, राणी. त्या पैशात नुसते पत्रे बसतात. पुढचं वादळ आलं की पुन्हा भुर्र! हे चित्र दोन वर्षांत तिप्पट होणार. मग आपण स्लॅबच टाकू. सिमेंटचा!"

"आणि दोन वर्षं अद्रिएलने ताडपत्रीखाली खोकत काढायची?"

पुढच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान वळवली. तोही त्यांच्याच गावचा, पोन्सेचा, एफ्राइनकाका. सकाळी न्याहारीला ओळख झाली होती. त्याच्या मिशीला कोळंबीचा सॉस लागला होता.

"घाबरू नकोस, पोरी. माझ्याकडे अशी अकरा चित्रं आहेत."

"विकलंत का त्यातलं एखादं, काका?"

"विकू? वेडी का तू? किंमत चढतेय ना त्यांची!"

"कोण सांगतं?"

काकाने ग्लास उचलून लिलाववाल्याकडे दाखवलं. "हाच की. दर वर्षी सांगतो."

यारेलिसने बाळाला छातीशी घट्ट धरलं. गालिच्यात मुरलेल्या शॅम्पेनचा आंबूस गोड वास, लिलाववाल्याच्या अत्तराचा भपकारा, आणि पाट्या हलवणारे ते घामेजलेले, खूश चेहरे. अंगावर काहीतरी चिकट सांडल्यासारखं तिला वाटत होतं.

"या, या! आमच्या घरमालकांचा फोटो हवाच!" लिलाववाल्याने हाक मारली.

एदगार्दोने तिला दंडाला धरून उठवलं. बाळाला खांद्यावर टाकून ती चित्रापाशी जाऊन उभी राहिली. जवळून पाहिलं तर घर गुळगुळीत होतं, डब्यावर छापलेल्या चित्रासारखं. लाल छप्पर, पिवळ्या उजेडाच्या खिडक्या. हाताने रंगवलेलं वाटावं म्हणून रंगावर इथे तिथे पारदर्शक डिंकाचे फराटे मारलेले. लिलाववाल्याने तिच्या कमरेमागे हात नेला तशी ती बाजूला सरकली.

"हसा!"

बोट एका अंगाला कलली. अद्रिएलने एक उचकी दिली आणि सकाळपासूनचं सगळं दूध आईच्या खांद्यावरून थेट चित्रावर ओकलं.

दूध लाल छपरावर फुटलं, फाटे फुटून खाली ओघळलं आणि खिडकीतून आत शिरलं. यारेलिस बघतच राहिली. घरी पाऊस अगदी अस्साच येतो. आधी कोपऱ्यातून, मग खिडकीच्या कडेने, मग पाळण्यात.

एदगार्दोचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! तीन हजार आठशे!"

यारेलिसला मात्र आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. जे तिला जमलं नव्हतं, ते पोराने केलं होतं. तिने त्याचं तोंड पुसलं, त्याच्या डोक्याचा मुका घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "चित्र खराब झालंय. आता आम्हाला नको. सौदा रद्द करा."

लिलाववाल्याने माईकवर हात ठेवला. आवाज एकदम साधा झाला, किराणा दुकानदाराचा असतो तसा.

"छे हो, बाई, तुमचं कुठे खराब झालंय? हे तुमचं नाहीच."

"म्हणजे?"

"हे बोटीवरचं, दाखवायचं. तुमचं आमच्या गोदामातून टपालाने घरी येईल. गुंडाळी करून, नळीत घालून."

"मग आम्ही बोली कशावर लावली?"

"याच्यावरच. तुमचं हुबेहूब असंच असेल, काळजीच सोडा."

"आणि अशी हुबेहूब किती आहेत गोदामात?"

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. एदगार्दोकडे वळून डोळा मारला. "बाळांचं काय मनावर घ्यायचं, साहेब! याच्यावर दर फेरीला कोणी ना कोणी ओकतंच."

खुर्च्यांमधून हशा पिकला. एफ्राइनकाका सगळ्यांत मोठ्याने हसला.

यारेलिस नवऱ्याकडे बघत होती. आता तरी. आता तरी हा काहीतरी बोलेल.

एदगार्दोने छातीवर हात ठेवून हुश्श केलं. "ऐकलंस ना, राणी? आपलं सुरक्षित आहे!" ग्लास तिच्या हातात देऊन त्याने सही करायला पेन मागितलं.

पांढऱ्या सदऱ्यातला एक नोकर ओलं फडकं घेऊन आला. ज्या फडक्याने तो मघाशी टेबलांवरची कोळंबीची सालं गोळा करत होता, तेच. त्याने वरून खाली एक हात मारला.

लाल छप्पर क्षणात कोरडं ठणठणीत झालं. यारेलिसच्या खांद्यावर दूध अजून ओघळत होतं.