झाकणावरचं लेबल

नऊ पॉइंट दोन सात.

सुलभाने मायक्रोमीटर पुसला, डब्यातली दुसरी शिशाची गोळी उचलली आणि मोजली. नऊ पॉइंट दोन सात. तिसरी घेतली. तीच रड.

तिच्या अडतीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरला गोळी लागते नऊ पॉइंट शून्य नऊ मिलिमीटरची. फरक म्हणाल तर दोन कागदांच्या जाडीएवढा. पण पुण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं मापं तपासलेल्या बाईला कोण सांगणार, की एवढ्याशाने काय होतंय?

"अहो!" ती गॅरेजमधून ओरडली. "या डब्यांना हात कुणी लावला?"

उल्हास चहाचा कप घेऊन दारात आला. "श्रीखंडाच्या डब्यांना? मीच. झाकणं काय मळली होती! काल स्वच्छ धुऊन बसवली."

अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमधल्या कुठल्याच मराठी घरात श्रीखंडाचा डबा टाकून देत नाहीत. कुणाकडे त्यात डाळ असते, कुणाकडे बटणं. सुलभा काडतुसं घरीच भरायची, तिच्या गॅरेजमधल्या डब्यांत गोळ्या होत्या. एका डब्यात तिच्या रिव्हॉल्व्हरच्या, दुसऱ्यात उल्हासने हौसेने घेतलेल्या जुन्या रशियन पिस्तुलाच्या. कुठला डबा कशाचा, ते मार्करने झाकणावर लिहिलेलं. आणि नवऱ्याने धुतलेली झाकणं नेमकी अदलाबदल करून बसवली होती.

लेबल डब्याला लावा, झाकणाला नाही, असं कारखान्यात किती पोरींना तिने दरडावलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"मग बदल की झाकणं," उल्हास म्हणाला. "त्यात एवढं काय?"

"सकाळी मी याच गोळ्या बारा काडतुसांत भरल्या. नंदू घेऊन गेला."

उल्हासने कप खाली ठेवला.

नंदू तिच्या बहिणीचा मुलगा. जवळच केरीला एकटा राहायचा. दर शनिवारी मावशी-भाचे मिळून शूटिंग रेंजवर जायचे. आज तिचा गुडघा धरला होता, तर म्हणाला, "मी एकटाच जाऊन येतो. तुझं रिव्हॉल्व्हर दे, आणि थोडीशीच काडतुसं भर." दोन महिन्यांपूर्वी ले-ऑफमध्ये नोकरी गेल्यापासून पोरगं पार उतरून गेलं होतं. आज मात्र दाढीबिढी करून, हसत आलं होतं. तिने वेळोवेळी दिलेले खाऊचे डबे लखलखीत घासून परत आणले होते.

"अरे, रिकामे डबे परत देतात का कधी?" तिने त्याला चिडवलंही होतं. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा तिला वाटलं, कुठे इंटरव्ह्यू असेल.

तो दारात ताटकळत होता म्हणून तिने घाई केली. एरवी दहातली एक गोळी मोजल्याशिवाय ती पुढे जात नसे. आज नाही मोजली. काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा दाबताना जड लागला, तर आपल्याच खांद्याला दोष दिला.

"नळीत अडकली तर हातात फुटेल हो ते रिव्हॉल्व्हर," ती म्हणाली. "डोळे जातील पोराचे."

"पण जाड गोळीचं काडतूस आत बसेलच कसं?"

"नंदू आहे तो! बसत नाही म्हटलं की ठोकतो. आपल्या कपाटाचं दार विसरलात?"

नंदूचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ती घरातली चप्पल घालूनच गाडीत बसली. गुडघा बोंबलत होता, त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? ताईला काय तोंड दाखवू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आई-बापांनी तुझ्या भरवशावर पोरगं पाठवलं, आणि तू त्याच्या हातात हे दिलंस!

रेंजचा म्हातारा मालक तिला ओळखायचा. "नंदू? आज तर आला नाही, मॅम."

तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच जास्तच भीती वाटली. रानात कुठे एकटाच रिकामे कॅन उडवत बसला असला तर? तिथे काही झालं तर हाक मारायलाही कुणी नाही. तिने गाडी केरीकडे वळवली.

त्याची गाडी पार्किंगमध्येच उभी होती. ती धापा टाकत जिना चढली आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. बराच वेळ काही हालचाल नाही. मग कडी वाजली.

नंदू समोर उभा होता. दोन डोळे, दोन हात. तिने त्याचे हात धरून बोटंसुद्धा मोजली.

"मेल्या, फोन का उचलत नाहीस?" म्हणाली आणि रडूच कोसळलं तिला.

त्याने तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. घर इतकं आवरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर तिचं रिव्हॉल्व्हर होतं, शेजारी काडतुसं. तिने भराभर मोजली. बाराच्या बारा होती.

"भरून बघितलीस?"

"सगळी बघितली, मावशी. एकही आत जाईना."

"ठोकली नाहीस ना?"

"नाही."

"देवच पावला रे!" तिने डोळे पुसले. "माझीच चूक. गोळ्या दुसऱ्याच भरल्या मी. तुझे डोळे गेले असते, हात गेला असता, जन्मात स्वतःला माफ केलं नसतं. आता एकेक मोजून नवीन भरते, आणि पुढच्या शनिवारी आपण दोघं जाऊ रेंजवर. बारा काय, शंभर भरून देते तुला."

नंदू खाली बसला. त्याने हळूच तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"रेंजवर जायचंच नव्हतं मला, मावशी," तो म्हणाला. "मला एकच लागणार होती."