पदकवाल्याचा बाप

दोन सायकली कुंपणाला टेकल्याचा आवाज आला, तसं मॅलकी क्लॅन्सीने मुलाचं पदक पिठाच्या पेटीत खोल खुपसलं, हात झटकले आणि चहाचं आधण ठेवलं.

दारात कोणीही आलं तरी त्याला चहा द्यायचा, ही त्याच्या बायकोची, नोराची शिस्त. नोरा नाताळच्या आधी गेली. तेव्हापासून चहा तोच करायचा आणि कडू करायचा.

आत आलेल्यांपैकी एक पॅकी कॉन्सिडाइन, खालच्या वाडीतला. त्याला मॅलकी लहानपणापासून ओळखत होता. दुसरा उंच, तिशीतला, कोटाचा खिसा जड. घरावर देवाची कृपा असो म्हणत त्याने टोपी काढली आणि आपलं नाव हेहिर म्हणून सांगितलं. ते नाव मॅलकीने ऐकलं होतं. डोंगरातल्या आयरिश बंडखोरांचा हा म्होरक्या. इंग्रजांशी त्यांची लढाई गेल्या वर्षापासून पेटली होती, आणि इंग्रज राजाच्या फौजेत राहून आलेल्या गावच्याच पोरांना आता बंडखोर सोडत नव्हते. आठवड्यापूर्वी चौरस्त्यावर असाच एक जुना शिपाई मरून पडलेला सापडला होता. छातीवर पाटी होती, इंग्रजांचा हेर म्हणून. तो हेर नव्हता. त्याच्या भिंतीवर पदकं होती, एवढंच.

हेहिरच्या बाहीवर सुतकाचं काळं ठिगळ शिवलेलं होतं. तसलंच मॅलकीच्याही बाहीवर होतं. कोण गेलं, असं मॅलकीने विचारलं. आई, तो म्हणाला, फेब्रुवारीत. मॅलकीने छातीवर क्रूस केला. इंग्रज शिपायांनी घर जाळलं असणार, म्हातारी उघड्यावर गारठून गेली असणार, असं त्याने मनाशी धरलं. असल्या माणसाकडे दया कुठून असायची?

मुलगा, फिंटन, खाली दलदलीत जळणासाठी मातीच्या ढेपा कापत होता. तो दिसू नये म्हणून मॅलकीने आपलं स्टूल खिडकीसमोर ओढलं.

हेहिरने सावकाश विषय काढला. तुमचा मुलगा आयरिश पलटणीत होता म्हणे. महायुद्धात फ्रान्समध्ये मोठं शौर्य गाजवलं म्हणे, सेनापतीने स्वतःच्या हाताने पदक लावलं म्हणे.

"शौर्य?" मॅलकी हसला. "पॅक्या, सांग यांना. हंस मागे लागला की आमचा फिंटन कुठे चढायचा?"

"चर्चच्या भिंतीवर," पॅकी म्हणाला. "उतरवायला पाद्रीबुवांना यावं लागायचं."

हेहिर हसला नाही. "मग पदक कशाचं?"

खरं काय ते मॅलकीला ठाऊक होतं. फिंटनने ते एकदाच, आईच्या पायाशी बसून सांगितलं होतं. दोन्ही फौजांच्या काटेरी तारांच्या मधल्या रानात एक जखमी पोरगा पडला होता. वरून गोळ्या चालू असताना फिंटन सरपटत त्याच्यापर्यंत गेला. खड्ड्यात दिवसभर त्याच्याजवळ पडून राहिला, आपलं सगळं पाणी त्याला पाजलं, आणि अंधार पडल्यावर त्याला पाठीवर घेऊन आला. पोरगा वाटेतच गेला. त्याचं नाव काय, असं नोराने विचारलं तेव्हा फिंटन उठून गोठ्यात निघून गेला होता.

एरवी मॅलकीने ही गोष्ट जत्रेत उभं राहून सांगितली असती. आज ती सांगणं म्हणजे पोराला भिंतीशी उभं करणं. राजाच्या शूरवीराला हे लोक मारतील. भित्र्यावर गोळी कोण वाया घालवणार?

"नशिबाचं पदक," तो म्हणाला. "गोळीबार सुरू झाला, तसा हा लपायला एका खड्ड्यात शिरला. तिथे एक जखमी पोरगा आधीच होता."

"मग?"

"मग काय, अंधार पडेपर्यंत बसला दडून. परत यायचं तर पाठीवर गोळ्या. म्हणून त्या पोराला घेतलं पाठीवर. ढाल म्हणून हो. साहेबांना वाटलं, वाचवून आणलं."

पॅकीने कपातून तोंड वर काढलं नाही. मॅलकीला स्वतःच्याच जिभेची किळस आली. पण हेहिर कान देऊन ऐकत होता, म्हणजे पटत होतं.

"पोरगा शुद्धीत होता?"

"होता बराच वेळ."

"पाणी मागत होता?"

एवढं एक सांगितलं की पोर सुटलं, असं मॅलकीला वाटलं.

"मागत होता. आमच्या दिवट्याने स्वतःच पिऊन टाकलं. मला त्यानेच सांगितलंय. आता असला माणूस तुमच्या गोळीच्या तरी लायकीचा आहे का?"

हेहिरने आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"आमची माणसं गोळी घालायला तुमच्या मुलाचं नाव घेत होती," तो म्हणाला. "मी आडवा आलो. हे अमेरिकेच्या बोटीचं तिकीट. त्याला आजच बाहेर काढायला आलो होतो. पलटणीच्या पाद्र्याने आईला सांगितलं होतं, की शेवटच्या दिवशी आमच्या कोलमजवळ कोणी क्लॅन्सी होता, त्याला पाणी पाजत होता. माझा धाकटा भाऊ तो. आई मरेपर्यंत त्या क्लॅन्सीसाठी माळ जपायची."

त्याने तिकीट विस्तवात टाकलं.

मॅलकीने त्याचा कोट दोन्ही मुठींनी धरला. मी खोटं बोललो, तो सांगत सुटला, पाद्री म्हणाला तेच खरं, पाणी सगळं त्यालाच पाजलं, शेवटी ओठ ओले केले, तुम्ही त्याला मारायला आलात असं वाटलं म्हणून मी तसं बोललो. पॅकी दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

हेहिरने म्हाताऱ्याची बोटं, कुठे दुखू न देता, सोडवली.

"मी कोलमचा भाऊ, हे मघाशी तुम्हाला ठाऊक नव्हतं, काका," तो म्हणाला. "तेव्हा बोललात तेच खरं." आणि आता मोकळ्या झालेल्या खिडकीतून खाली पाहत, दलदलीकडे वाट कुठून जाते ते त्याने पॅकीला विचारलं.