तुलनेसाठी आणलेला भाऊ

"दादा, दांडी धर रे, पडशील," शेजारच्या पट्ट्यावरून धाकटी म्हणाली.

थोरल्याने दांडी धरली. उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. दोघांच्या छातीला वायरी चिकटवलेल्या, पायांखालून पट्टे सरकताहेत, आणि तपासणीवाली बाई थोड्या थोड्या वेळाने बटण दाबून चढ वाढवतेय.

जन्मतः हृदयात भोक असलेली पोरं मोठी होऊन कशी जगतात, याचा अभ्यास या इस्पितळात वर्षानुवर्षं चालू होता. धाकटी त्यातली. यंदा पहिल्यांदाच पट्ट्यावर चालवून बघायचं ठरलं होतं, आणि तुलनेला घरातलं एखादं धडधाकट भावंड आणा म्हणाले होते. म्हणून थोरला. धडधाकट!

आई कोपऱ्यात पाण्याची बाटली छातीशी धरून बसली होती. भोक बुजवलं तेव्हा धाकटी पाळण्यात होती. "सांभाळा" म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. कधीपर्यंत, ते सांगितलं नाही. आई अजून सांभाळत होती. जिना नको, पळणं नको, ओझं नको. शाळेचं दप्तर थोरल्याने वाहिलं, आता बॅगही तोच वाहत होता. तिला तो 'मडकं' म्हणायचा. कैदच होती ती. पहारेकरी आईच, आणि ती रात्रंदिवस कैद्यासाठीच रडायची, म्हणून कैद म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि या मडक्याला डोंगरात झाडं मोजायची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"झाडं मोजायला नाही वाचवलं तुला," आईने सकाळीच सुनावलं होतं. "आज डॉक्टर नाही म्हणाले की विषय संपला."

"आणि हो म्हणाले तर?"

आईने बाटली भरायला घेतली होती.

"बास! बास!" थोरला ओरडला. बाईने त्याचा पट्टा थांबवला. तो खुर्चीत जाऊन पडला, तोंड उघडं, डोळे छताला. धाकटी चालतच होती. अनवाणी, घामाघूम, गाल लालबुंद.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. त्यांनी खोलीवर नजर टाकली आणि थेट थोरल्यापुढे स्टूल ओढून बसले.

"घाबरायचं नाही बाळा," त्याचं मनगट हातात घेत ते म्हणाले. "तुझ्यासारखी कितीतरी मुलं मजेत जगताहेत. ऑपरेशन कधी झालं तुझं?"

थोरल्याने बोलायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली. शेवटी त्याने बहिणीकडे बोट दाखवलं.

"पेशंट तिकडे आहे सर," बाई हसू दाबत म्हणाली. "हे तुलनेचे."

धाकटीला असं काही हसू फुटलं की बाईला पट्टाच बंद करावा लागला. आई झाकण उघडत सवयीने तिच्याकडे धावली.

"मला नको गं, त्याला पाज आधी. जाईल तो!"

डॉक्टरांनी पडद्यावरचे आलेख दोनदा पाहिले. "सोमवारपासून नोकरीवर जाऊ ना?" धाकटीने विचारलं.

"नोकरी कसली?"

"डोंगरात झाडं मोजायची."

"मग मोज की. दरवर्षी येऊन दाखवून जायचं, दम लागला तर बसायचं. बाकी काही अडचण नाही. ह्या भाऊसाहेबांना मात्र चालायला लावा."

आई उसळलीच. "दरवर्षी पोरीचे आकडे लिहून घेता! हे एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"चुकलं आमचं," डॉक्टर म्हणाले. खरंच चुकलं होतं.

बाहेर लिफ्टपाशी थोरल्याने सवयीने हात पुढे केला. "आण बॅग."

धाकटीने स्वतःची दिली नाही, वर त्याचीही ओढून घेतली. एक या खांद्याला, एक त्या खांद्याला, आणि चपला फटफटवत ती जिना उतरायला लागली.

लिफ्टचं दार उघडलं. आई क्षणभर मधोमध उभी राहिली. मग तिने थोरल्याला आत ढकललं. "तू ये आरामात." आणि बाटली काखोटीला मारून जिन्याकडे निघाली.

"ए, थांब!"

धाकटी खालच्या वळणावर थांबली. चेहरा उतरला तिचा.

आई कठड्यावरून वाकून तिच्या पायांकडे बघत होती.

"ह्या असल्या चपलांवर डोंगर चढणार आहेस होय?"