तपासणीपुरतं

रक्ततपासणीला कुणी पुढे येईना, तेव्हा जैनीनेच बाही वर सारली. सरकारी अनुदानातून सुरू झालेली तपासणीची गाडी जंगलातल्या त्यांच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, पहिल्यांदाच आली होती. लहानपणापासून आपली हाडं का ठणकतात, हे तिला त्या दिवशी कळलं: सिकलसेल, आईबापांकडून रक्तातून येणारा आजार. नाव कळलं म्हणजे आता औषधही मिळेल, या आनंदात ती घरी आली.

औषध मिळालं नाही. “अनुदान तपासणीपुरतंच होतं,” आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या. आजाराची बातमी मात्र होणाऱ्या सासरी पोहोचली आणि ठरलेलं लग्न मोडलं.

पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली. रांगेत धाकटी बहीण उभी दिसताच जैनी धावत गेली.

“सिस्टर, यंदा गोळ्या आणल्या?”

“यंदाही तपासणीचंच अनुदान आहे गं. तू समजावलंस तर बाकीचेही येतील.”

जैनीने बहिणीला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलं.

“हिला नको. हिला कधी काही दुखत नाही,” ती म्हणाली आणि घराकडे वळली.

सुजलेला गुडघा सावरत धाकटी तिच्या मागून लंगडत निघाली.